साडेचौदाशेची घोरपड की तीनशे नव्वदची गोगलगाय: दोन मॉडेल्सचा आठ महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते आणि मग सविस्तर लिहिते, कारण मी स्वतः कुणाचा रिव्ह्यू वाचायला घेते तेव्हा पैसे घालवायचे की नाही ते मला पहिल्या चार ओळींतच कळायला हवं असतं. प्राण्यांच्या ह्या दोन रबरी मॉडेल्सपैकी एकच घेणार असाल तर सी स्लग घ्या, म्हणजे ती निळी सागरी गोगलगाय. कोमोडो ड्रॅगन दिसायला जबरदस्त आहे, मजबूत तर इतका की विचारू नका, पण त्यात चुका खूप आहेत आणि १४५० रुपये मोजल्यावर एवढ्या चुका मला तरी चालत नाहीत. स्लग ३९० ला मिळाला आणि त्यात बनवणाऱ्याने एक गोष्ट इतकी अचूक केलीय की ती पाहून मी खरंच हरखून गेले. शिवाय एक सूचना आहे, पावसाळ्यात मुलांना चौपाटीवर नेणाऱ्यांनी ती तरी वाचाच.

झालं असं की जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी माझ्या भाच्याचा आठवा वाढदिवस होता आणि त्याला "खरा वाटेल असा" प्राणी हवा होता. मी शाळेत सायन्स शिकवते त्यामुळे प्राण्यांची मॉडेल्स आणायचं काम घरात माझ्याकडेच येतं. क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्लीत खेळण्यांची होलसेल दुकानं आहेत तिकडे गेले, पाऊस नुकता सुरू झालेला, छत्री सांभाळत चार दुकानं फिरले तर सगळीकडे तेच, वाघ सिंह हत्ती जिराफ आणि ढीगभर डायनॉसोर. पाचव्या दुकानात एका रॅकवर वरच्या बाजूला हा कोमोडो ड्रॅगन होता, मोठ्या खोक्यात, समोर पारदर्शक प्लास्टिक, आणि त्याच्याच शेजारी त्याच कंपनीची "समुद्री जीव" सिरीज, त्यात कासव, ऑक्टोपस आणि हा निळा स्लग. मी ड्रॅगनसाठी हात वर केला आणि नजर स्लगवर गेली. सी स्लगचं मॉडेल मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते, इतक्या वर्षांत एकदाही दुकानात दिसलं नव्हतं, म्हणून दोन्ही घेतले. घासाघीस करून एकूण चाळीस रुपये सुटले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, अशी मॉडेल्स वेगवेगळ्या खोक्यांत वेगवेगळ्या नावांनी येतात, तेव्हा तुम्ही नावापेक्षा खाली लिहिलेल्या खुणा बघून घ्या.

आधी घोरपडीचं बोलू. हो, घोरपडच. कोमोडो ड्रॅगन म्हणजे जगातली सगळ्यात मोठी घोरपड, इंडोनेशियातल्या कोमोडो, रिंचा, फ्लोरेस वगैरे बेटांवर राहणारी, मोठा नर तीन मीटरच्या आसपास आणि वजन ७० किलोच्या वर. आपल्या आरे कॉलनीत आणि बोरिवलीच्या नॅशनल पार्कात दिसते ती तिचीच नातेवाईक, फक्त ती शेपटी धरून पावणेदोन मीटरच्या पुढे जात नाही. मॉडेल ३० सेंटिमीटरचं आहे, कडक रबर, आत कुठेतरी वजन भरलंय त्यामुळे हातात घेतलं की भरीव वाटतं. जबडा उघडतो मिटतो, बिजागरी आठ महिन्यांत सैल झालेली नाही. कातडीचं काम सुंदर आहे, मानेखालच्या वळ्या आणि पाठीवरचे बारीक बारीक दाणे, बोटाने चाचपलं तर प्रत्येक दाणा वेगळा लागतो. आम्ही चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, गॅलरीच्या कठड्यावर ठेवलेला असताना हा एकदा खाली चौकात पडला, धावत जाऊन बघितलं तर शेपटीच्या टोकाला एक ओरखडा, बास. खेळणं म्हणून बघितलं तर ह्याला दहापैकी दहा.

पण मी तो खेळणं म्हणून आणला नव्हता ना. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की हुबेहूब आहे, अभ्यासासाठी उपयोगी आहे, मग मी त्याच मापाने मोजणार. पहिली गोष्ट रंग. हा पोपटी हिरवा आहे, अगदी कैरीसारखा. पूर्ण वाढलेला कोमोडो मातकट करडा असतो, चिखलात लोळून उठलेल्या म्हशीसारखा. पिल्लांच्या अंगावर हिरवे पिवळे पट्टे असतात हे खरं, कारण मोठे कोमोडो पिल्लांनाही खातात म्हणून पिल्लं बरीचशी झाडावर राहतात आणि तिथे तो रंग कामाला येतो, पण मग मॉडेलची बांधणीही पिल्लाची हवी, हे तर भरदार मानेचा दांडगा नर बनवून त्याला पिल्लाचा रंग दिलाय. दुसरं म्हणजे जीभ. लाल आहे आणि टोकाला नुसती गोल. हे मला सगळ्यात जास्त खुपलं. घोरपडीची अख्खी दुनिया त्या दुभंगलेल्या जिभेवर चालते, जीभ बाहेर काढून हवेतला वास टिपायचा, आत नेऊन टाळूतल्या अवयवाला लावायचा, डाव्या टोकावर वास जास्त की उजव्या त्यावरून मेलेलं हरीण कुठल्या दिशेला पडलंय ते ओळखायचं. कोमोडोची जीभ पिवळी, लांब आणि चिरलेली असते. ती एक जीभ नीट केली असती तर बाकीचं मी पोटात घातलं असतं. तिसरं, मागच्या पायांना चारच बोटं, हवीत पाच. चौथं, दात. मगरीसारखे बाहेर आलेले, पांढरेशुभ्र. खऱ्या कोमोडोचे दात बरेचसे हिरड्यांत झाकलेले असतात, मागे वळलेले आणि काठाला करवतीसारखे, आणि २०२४ मध्ये असं समोर आलं की त्या दातांच्या टोकांवर आणि धारेवर लोहाचा नारिंगी थर असतो. एवढी भारी गोष्ट, दाताला लोखंडाची धार, नारिंगी रंगाचा एक ब्रश फिरवायचा होता फक्त.

आता पुस्तिका. प्रत्येक खोक्यात आठ पानांची एक घडीची पुस्तिका येते, इंग्रजी आणि हिंदी, मराठी नाही. मुंबईत बसून विकता तर मराठीत चार ओळी छापायला काय हरकत आहे, हे मी कंपनीला ईमेल करून कळवलं, बाकीच्या चुकाही कळवल्या, ऑगस्टमध्ये पाठवलंय आणि अजून उत्तर नाही. चुका अशा. एक, "जगातला शेवटचा डायनॉसोर" असं लिहिलंय. घोरपड डायनॉसोर नाही, ती पाल आणि सापाच्या गोतावळ्यातली आहे, डायनॉसोरचे खरे वारस आपल्या गॅलरीतल्या तारेवर बसलेले कावळे आणि कबुतरं. दोन, तोंडातल्या घाणीच्या जंतूंनी शिकार मरते असं लिहिलंय. हे जुनं झालं. २००९ मध्ये संशोधकांनी दाखवलं की कोमोडोच्या खालच्या जबड्यात विषाच्या ग्रंथी आहेत, त्या विषाने रक्त गोठत नाही आणि रक्तदाब उतरतो. आम्ही शाळेत असताना जंतूंचंच शिकलो होतो त्यामुळे मोठ्यांना ते खरंच वाटतं, पण छापताना कुणीतरी तपासायला हवं होतं.

तिसरी चूक मात्र अशी की भाच्याने ती वाचून दाखवल्यावर मी पुस्तिका हातातून काढूनच घेतली. लिहिलंय की संकट आलं तर कोमोडो शेपटी टाकतो आणि ती पुन्हा उगवते. अहो, ते घरातल्या पालीचं! घोरपडीची शेपटी एकदा तुटली की तुटली. घोरपड शेपटीचा फटका मारते, आधाराला वापरते, टाकून पळत नाही. आणि गंमत बघा, ज्या प्राण्याबद्दल हे लिहायला हवं होतं तो शेजारच्याच खोक्यात होता. सी स्लगच्या कुळात एलिसिया नावाचे स्लग आहेत, २०२१ मध्ये जपानमधल्या नारा शहरातल्या संशोधकांनी सांगितलं की हे स्लग स्वतःचं मुंडकं धडापासून वेगळं करतात, ते मुंडकं सुटं फिरत राहतं, काही तासांत शेवाळ खायला लागतं आणि साधारण तीन आठवड्यांत हृदयासकट नवीन धड तयार होतं. शेपटी नाही, अख्खं धड! भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो जेवायचा थांबला आणि म्हणाला, "आत्या, मग जुन्या धडाचं काय होतं?" जुनं धड काही दिवस, कधी कधी काही महिनेही हलत राहतं पण त्याला नवीन डोकं फुटत नाही. त्या दिवसापासून स्लग त्याच्या उशाशी आला आणि कोमोडो कपाटावर गेला.

आमच्या शेजारच्या काकांना मात्र कोमोडोच आवडतो. ते सावंतवाडीकडचे, त्यांच्या लहानपणी आरतीला घुमट नावाचं मातीचं वाद्य वाजायचं आणि त्याच्या तोंडाला घोरपडीचं कातडं असायचं, त्या आवाजाची सर आताच्या बकरीच्या कातड्याला नाही असं ते म्हणतात पण लगेच हेही म्हणतात की बंद झालं तेच बरं झालं. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. त्यांनीच भाच्याला तानाजी आणि यशवंतीची गोष्ट सांगितली, मॉडेलच्या कमरेला सुतळी बांधून कपाटावर चढवून दाखवली. ती दंतकथा आहे असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे हे मी नंतर हळूच सांगितलं पण घोरपडीची पकड खरंच तशी असते, नखं खडकाच्या फटीत रुतवून आणि अंग फुगवून ती अशी बसते की ओढून निघत नाही. हे सगळं लिहितेय कारण पुस्तिकेत भारतातल्या घोरपडींबद्दल एक ओळ नाही, आणि इथे चार जाती आहेत. पूजेच्या सामानात "हत्ताजोडी" म्हणून झाडाचं मूळ सांगून जे विकतात ते बऱ्याचदा घोरपडीच्या नराचं वाळवलेलं लिंग असतं, त्यासाठी आजही घोरपडी मारल्या जातात. मुलांच्या पुस्तिकेत हे नको, मान्य, पण मोठ्यांनी माहीत करून घ्या आणि घेऊ नका, तो गुन्हा आहे.

आता स्लग. मॉडेल आहे ग्लॉकस नावाच्या स्लगचं, ज्याला ब्लू ड्रॅगन म्हणतात. म्हणजे माझ्या हातात त्या दिवशी दोन ड्रॅगन होते, एक तीन मीटरचा आणि एक तीन सेंटिमीटरचा. मॉडेल २१ सेंटिमीटर लांब, मऊ रबर, वास सुरुवातीचे चार दिवस उग्र येतो, साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवलं की जातो. पहिला पीस आणला त्याची दोन बोटं मुळातच तुटलेली निघाली, दुकानदाराने बिल न मागता बदलून दिला, त्याबद्दल त्यांना पूर्ण मार्क. बोटं म्हणजे अंगाच्या दोन्ही बाजूंना पंख्यासारखे जे झुबके असतात ते, तीन जोड्या, आणि मॉडेलला बरोबर तीन जोड्याच आहेत. एका बाजूने गडद निळा त्यावर रुपेरी पट्टे, दुसरी बाजू करडी रुपेरी. चेहऱ्यावर मात्र कार्टूनसारखे दोन काळे डोळे काढलेत, ते चुकीचं आहे, मी अ‍ॅसिटोन लावून पुसून टाकले, थोडा निळा रंगही निघाला.

आणि आता ती गोष्ट. मी ह्या मॉडेलला तोपर्यंत नुसतं हातात घेऊन बघितलं होतं, मला वाटलं निळी बाजू म्हणजे पाठ, सगळ्यांना तसंच वाटतं. रविवारी भाच्याने कपडे भिजवायच्या टबात पाणी भरून त्याला सोडलं, पोट खाली म्हणजे करडी बाजू खाली धरून सोडायला हवं असं आधी मीच त्याला सांगितलं, पण त्याने उलटा सोडला, करडी बाजू वर. स्लग क्षणभर तसाच राहिला, एका अंगाला कलला आणि हळूच फिरून निळी बाजू वर करून तरंगायला लागला. आम्ही तीनदा चारदा करून बघितलं, कसाही सोडला तरी निळी बाजूच वर. मग मी कापडाने पुसून नीट निरखला तर निळ्या बाजूला मधोमध एक बारीक पट्टा कोरलेला, तो त्याचा पाय, म्हणजे जी बाजू मी पाठ समजत होते ते पोट आहे! खरा ग्लॉकस असाच जगतो. पोटात हवेचा बुडबुडा गिळून उताणा तरंगतो, निळं पोट आकाशाकडे म्हणजे वरून पक्ष्याला नुसतं पाणी दिसतं, रुपेरी पाठ खाली म्हणजे खालच्या माशाला वरचा उजेड दिसतो. ज्याने कुणी हा साचा बनवला त्याने आत पोकळी नेमकी त्या बाजूला ठेवलीय. ३९० रुपयांच्या रबरी खेळण्यात. खोक्यावर ह्याचा उल्लेखही नाही, पुस्तिकेतही नाही, त्या माणसाने ते काम केलं आणि गप्प राहिला. त्याला भेटता आलं असतं तर मी हात जोडले असते.

पण ह्याच मॉडेलमुळे माझी सगळ्यात मोठी तक्रारही आहे आणि ती कंपनीने खरंच मनावर घ्यायला हवी. पुस्तिकेत ग्लॉकसला "प्यारा समुद्री दोस्त" असं लिहिलंय आणि तो डंख करतो ह्याबद्दल एक अक्षर नाही. हा प्राणी ब्लू बॉटल खातो, तीच ती निळ्या फुग्यासारखी जी पावसाळ्यात जुहू, अक्सा, गिरगाव चौपाटीला वाहून येते. तिच्या दोऱ्यांमधल्या डंखाच्या पेशी न फोडता हा आपल्या त्या बोटांच्या टोकांत साठवतो आणि स्वतःसाठी वापरतो, आणि साठा एकवटलेला असल्यामुळे ह्याचा डंख मूळ मालकापेक्षाही जोरदार बसू शकतो. ज्या वाऱ्याने ब्लू बॉटल किनाऱ्याला लागतात त्याच वाऱ्याने हाही येऊ शकतो. आता विचार करा, ज्या मुलाच्या उशाशी तो झोपतो ते मूल जुलैत चौपाटीवर वाळूत तसलंच काहीतरी निळं चकाकताना बघेल तेव्हा काय करेल? उचलणारच. आमचा भाचा वाकला होता! ती ब्लू बॉटल होती, स्लग नव्हता, आणि मी हाताला धरून मागे ओढलं म्हणून वाचला. जुलै ऑगस्टमध्ये तर दर वर्षी कुणाला ना कुणाला हा प्रसाद मिळतोच. लागलंच तर वाळूने चोळायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, दोरे काडीने काढायचे आणि श्वासाला त्रास किंवा चक्कर वाटली तर सरळ हॉस्पिटल. मेलेलं दिसलं तरी हात लावायचा नाही, मेल्यावरही डंख बसतो. एवढ्या चार ओळी खोक्याच्या मागे मावल्या असत्या.

"कोण जिंकेल" हा प्रश्न आला नसता तरच नवल. सुरुवातीला रोज यायचा. मी त्याला सांगितलं की दोघं भेटणारच नाहीत, एक बेटावर आणि एक उघड्या समुद्रात, पण आठ वर्षांच्या मुलाला हे उत्तर पटत नाही, म्हणून मग आम्ही एक एक गोष्ट घेऊन बसायला लागलो. विष कुणाकडे? दोघांकडे, पण कोमोडोचं स्वतःचं आणि स्लगचं पळवलेलं. वास कोण चांगला घेतो? कोमोडो जिभेने, आणि बहुतेक स्लग डोक्यावरच्या दोन शिंगांनी, ती शिंगं म्हणजे त्यांचं नाकच. अंगावर चिलखत कुणाच्या? कोमोडोच्या कातडीखाली हाडांच्या बारीक तुकड्यांची जाळीच असते, आणि स्लगच्या पूर्वजांना शंख होता तो त्यांनी पिढ्यान् पिढ्या टाकत टाकत सोडून दिला. हे ऐकून तो म्हणाला मग कोमोडो जिंकला. मी म्हटलं थांब, ज्याने घरच सोडून दिलं त्याला तगून राहायला दुसरं काहीतरी शोधावं लागलं ना, तेच विष, तोच रंग, तेच उताणं तरंगणं. तो बराच वेळ गप्प होता. पिल्लांच्या बाबतीत मात्र मी स्वतःच गोंधळले की कुणाला मार्क द्यावा. स्लग प्रत्येक जण नरही आणि मादीही, पण तरी बहुतेकांना जोडीदार लागतो. कोमोडोत नर मादी वेगळे, पण मादीला नर भेटलाच नाही तरी ती पिल्लं देऊ शकते, २००६ मध्ये इंग्लंडमधल्या चेस्टर झूमधल्या फ्लोरा नावाच्या मादीने तेच केलं आणि अशी पिल्लं सगळी नरच निघतात. हे शेवटचं भाच्याला नाही सांगितलं, माझ्या वहिनीला सांगितलं, ती म्हणाली भाजी निवडता निवडता असलं काही ऐकायला मिळेल वाटलं नव्हतं.

आकाराचा घोळ मात्र दोन्ही खोक्यांत आहे आणि ह्यावर कुणीच बोलत नाही. कोमोडो दहापट लहान केलाय, तीन मीटरचा ३० सेंटिमीटर. स्लग सातपट मोठा केलाय, तीन सेंटिमीटरचा २१. शेजारी शेजारी ठेवले की मुलाला वाटतं कोमोडो स्लगच्या दीडपट असतो! खोक्यावर खरी लांबी छापलेली नाही. आम्ही हिशोब मांडला, स्लगच्या मापात कोमोडो केला तर २१ मीटरचा होईल, म्हणजे जवळजवळ लोकलचा एक अख्खा डबा, चर्नी रोडला प्लॅटफॉर्मवर उभं राहून भाच्याने डब्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन तो मोजला. आणि उलट केलं, कोमोडोच्या मापात स्लग आणला, तर तो दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे फोडणीतला मोहरीचा दाणा. भाच्याने पुठ्ठ्यावर कोमोडो ठेवला आणि त्याच्या नाकासमोर मोहरीचा एक दाणा फेविकॉलने चिकटवला, खाली लिहिलं "खरा स्लग". ह्या कंपनीने जर काही एक बदल करायचा असेल तर खोक्यात असा एक छोटासा दाणाच टाकावा.

जानेवारीत आम्ही खरा स्लग बघायला गेलो. मरीन लाइफ ऑफ मुंबई हा उपक्रम २०१७ पासून किनाऱ्यावरच्या वॉक घेतो, त्यांचं वाचूनच मला कळलं होतं की मुंबईच्या खडकांत हे सगळं आहे. अमावस्या पौर्णिमेच्या आसपास ओहोटीला पाणी लांब जातं, तेव्हाची वेळ बघून सकाळी वांद्र्याला कार्टर रोडच्या खडकांवर उतरलो, पायात जुने बूट, कारण शेवाळावर सपाता टिकत नाहीत. पहिला पाऊण तास काहीच नाही, खेकडे, शिंपले, प्लास्टिक, खूप प्लास्टिक. मी कंटाळले होते, खरं सांगते. भाचा एका डबक्याशी उकिडवा बसून होता आणि एकदम हळू आवाजात म्हणाला, "आत्या, शिंगं." हिरवट तपकिरी, माझ्या अंगठ्याएवढा, शेवाळाच्याच रंगाचा, दोन जोड्या शिंगं, एक पुढे आणि एक मागे सशाच्या कानांसारखी उभी. समुद्रससा! हाही सी स्लगच. शेजारीच फिकट पिवळ्या शेवयांचा गुंता पडलेला, ती अंडी. तो शेवाळ खात होता, तोंडाच्या बाजूचा शेवाळाचा धागा थोडा थोडा आत जात होता, आम्ही दोघं पाणी वर यायला लागेपर्यंत तेच बघत बसलो. हात लावला नाही, छेडला तर तो जांभळी शाई सोडतो.

परत येताना ट्रेनमध्ये मी त्याला सांगितलं की ह्या समुद्रसशाच्या अख्ख्या शरीरात मज्जापेशी साधारण २० हजार, आपल्या मेंदूत काही हजार कोटी, पण आठवण कशी तयार होते ते माणसाला ह्यानेच शिकवलं, एरिक कँडेल ह्यांनी ह्याच्यावर काम केलं आणि २००० साली नोबेल मिळालं. तो खिडकीतून बाहेर बघत होता, मला वाटलं ऐकलं नाही. घरी आल्यावर काकांना शब्दन् शब्द सांगितलं.

तर कुणी काय घ्यावं. तीन वर्षांखालचं मूल असेल तर स्लग नको, त्याची बोटं चावून तुटू शकतात, मऊ आहेत. पाच ते दहा वर्षांच्या मुलासाठी स्लग, डोळे झाकून, फक्त खोकं उघडून बोटं मोजून घ्या आणि घरी आल्यावर डंखाचं स्वतः समजावून सांगा. कोमोडो घ्यायचाच असेल तर आर्ट मटेरियलच्या दुकानातून अ‍ॅक्रिलिक रंगाच्या दोन ट्यूब घ्या, करडा आणि पिवळा, मी तेच केलं, अंग करडं केलं, जिभेला टोकाशी कात्रीने चीर दिली आणि पिवळी रंगवली, दातांना थोडा नारिंगी लावला, पायाच्या पाचव्या बोटाचं काही करता आलं नाही. रंग खडबडीत कातडीवर छान बसतो, अजून उडालेला नाही. पुस्तिका दोन्ही रद्दीत, त्याऐवजी मी हाताने लिहिलेलं एक पान खोक्यात ठेवलंय. स्लगला पाचपैकी साडेचार, अर्धा मार्क डंखाच्या सूचनेचा कापला. कोमोडोला अडीच, त्यातले दोन कातडीला आणि मजबुतीला.

पुठ्ठा अजून कपाटावर आहे. मधे झाडताना मोहरीचा दाणा पडला आणि कुठे गेला ते सापडला नाही, तर भाच्याने त्याच्या आईच्या मिसळणाच्या डब्यातून दुसरा आणून लावलाय, ह्या वेळी त्याला सुईच्या टोकाने निळा रंग दिलाय, फक्त वरच्या बाजूने.